अ‍ॅक्रनचा मुका अलार्म

१४ ऑगस्ट २००३. अमेरिकेतल्या ओहायोत दुपार. आपल्या आदिलाबादेत स्वातंत्र्यदिनाची आदली रात्र. वेळा ओहायोच्या आहेत, साडेनऊ तास मिळवले की आपल्या.

दुपारी १.३१ : ईरी सरोवराकाठच्या ईस्टलेक वीजकेंद्राचा पाच नंबरचा संच बंद पडतो. फर्स्टएनर्जी कंपनी बाहेरून वीज ओढू लागते, तारांवरचा भार वाढतो. यात नवल नाही, संच बंद पडतच असतात.

२.१४ : अ‍ॅक्रनच्या या कंपनीच्या नियंत्रण कक्षातला अलार्म थांबतो. कुणाला पत्ता नाही.

इथे जरा थांबायला हवं. हा अलार्म चालवणाऱ्या जीईच्या एक्सए/२१ या प्रणालीत एकाच माहितीसाठ्यावर अनेक प्रक्रिया काम करत. अशा जागी कुलूप लागतं, त्याला म्यूटेक्स म्हणतात: एकजण लिहितोय तोवर दुसऱ्याने थांबायचं. कापूस यार्डातले दोन मुनीम एकाच पावतीवर एकदम लिहायला लागले तर जो घोळ होईल, तो टाळण्यासाठी. पण हे कुलूप कुणी वापरण्याआधी, एकाच हाताने तयार झालेलं हवं. ‘जो आधी येईल तो करील’ असं सोडलं, की दोघं एकाच क्षणी येतात, दोघांनाही कुलूप नाही असंच दिसतं, आणि दोघंही आपापलं बनवून आत शिरतात. पॉझिक्स या मानकात तर तयार म्यूटेक्स पुन्हा इनिशियलाइझ केलं तर काय होईल याची हमीच नाही. म्हणून तिथे तयारीचं काम एकदाच होऊ देणाऱ्या ‘पीथ्रेड वन्स’ची सोय आहे. शिवाय प्रत्येक वाटेवर कुलूप लागलेलं असावं लागतं. एक वाट मोकळी राहिली तरी बाकीची कुलपं फुकट.

फर्स्टएनर्जीच्या प्रणालीत कोडमधल्या चुकीने दोन प्रक्रियांना एकाच वेळी लिहायची मुभा मिळाली. साठा बिघडला आणि अलार्मचा प्रोग्राम न संपणाऱ्या फेऱ्यात अडकला.

२.३२ : शेजारच्या एईपी कंपनीचा फोन. स्टार–साउथ कँटन लाइन पडून पुन्हा लागली, तुमच्याकडे दिसलं का? इथे अलार्म नाही. म्हणजे काही झालेलं नाही, असं धरलं जातं. मी ऑपरेटरांना दोष देणार नाही. अलार्म उगाच वाजला तर माणूस उठून बघतो. वाजलाच नाही तर कशाला बघेल?

२.४१ : मुख्य सर्व्हर पडतो. काम राखीव सर्व्हरवर जातं, आणि अडकलेला प्रोग्रामही सोबत जातो. २.५४ ला तोही पडतो. पडद्यावरचं चित्र ताजं व्हायला आता ५९ सेकंदांपर्यंत लागतात.

३.०५ : चेंबरलिन–हार्डिंग ही ३४५ केव्हीची लाइन झाडाला लागून बंद पडते. भार क्षमतेच्या जेमतेम ४४ टक्के. न छाटलेली झाडं हा या दिवसाचा दुसरा गुन्हेगार.

३.०८ : संगणक विभाग सर्व्हर पुन्हा सुरू करतो. अलार्म चालतोय का, हे ऑपरेटरांना विचारलं जात नाही.

३.३२ : हॅना–ज्युनिपर. झाड.

३.४१ : स्टार–साउथ कँटन. झाड. दोनच मिनिटांपूर्वीपासून खालच्या १३८ केव्हीच्या लाइनीही एकामागून एक पडू लागल्या आहेत.

४.०५ : सॅमिस–स्टार, १२० टक्के भारावर. आता आवरणं शक्य नाही.

४.१० ते ४.१३ : क्लीव्हलँड, डेट्रॉइट, टोरांटो, न्यूयॉर्क. सुमारे ५ कोटी लोक अंधारात. आपल्याकडे १५ ऑगस्ट उजाडून पावणेदोन तासही झालेले नाहीत.

तेव्हा आदिलाबाद दक्षिण ग्रिडवर होतं आणि पैनगंगेपलीकडचं यवतमाळ पश्चिम ग्रिडवर. वीज चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीच्या एकदिश विजेच्या (एचव्हीडीसी) केंद्रातून ये-जा करी, पण दोन्ही ग्रिडचा ठोका (फ्रीक्वेन्सी) वेगळाच राही. तो एक झाला ३१ डिसेंबर २०१३ ला, रायचूर–सोलापूर लाइन जोडल्यावर. ओहायोभोवती बिघाड अडवणारा असा बांध नव्हता.

अलार्म मुका करणारी कोडमधली ती चूक, म्हणजे बग, सापडायला आठेक आठवडे लागले. एकूण ३० लाखांहून अधिक तास चाललेल्या त्या प्रणालीत तो कधीच दिसला नव्हता. दोन प्रक्रियांची गाठ पडायची फट काही मिलिसेकंदांची. शेवटी प्रोग्राममध्ये मुद्दाम उशीर पेरला, वरून अलार्मचा मारा केला, तेव्हा तो हाती लागला.