जुना पूल जपायचा म्हणजे काय?

मुंबईला जाताना महाड आले की सावित्री बघायला आपण एसटीच्या खिडकीशी सरकायचो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तिथला ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या आपल्याकडच्या दोन गाड्या त्याच्याबरोबर गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आपण सगळेच एकमेकांना फोन करत होतो.

पुढे कामानिमित्त अहमदाबादला गेले, तेव्हा साबरमतीवरचा एलिस ब्रिज पाहिला. तिथला आधीचा लाकडी पूल १८७५ च्या पुरात गेला. मग १८९२ मध्ये हा पोलादी कमानींचा पूल उभा राहिला. अभियंते होते हिंमतलाल धीरजराम भचेच. पोलाद बर्मिंगहॅमहून आणले होते. अंदाज पाच लाखांचा, खर्च झाला सुमारे चार लाख सात हजार! एवढ्या कमी पैशांत झाला म्हणजे माल हलका असणार, असा सरकारला संशय आला. चौकशीत काम उत्तम ठरले आणि भचेच यांना 'रावसाहेब' किताब मिळाला.

वाहने वाढली तसा हा पूल अरुंद पडू लागला. १९९७ मध्ये तो वाहनांसाठी बंद झाला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटचे नवे पूल बांधले गेले. पाडापाडीची भाषा झाली तेव्हा वारसा जपणाऱ्या नागरिकांनी विरोध केला. आज दोन नव्या पुलांच्या मधोमध जुना पूल उभा आहे.

महाडलाही जुन्या पुलाशेजारी नवा पूल होताच. पण जुन्यावरची वाहतूक थांबली नव्हती. एका दिशेच्या गाड्या त्यावरूनच जात होत्या. मला फरक दिसतो तो इथे. जुन्या पुलाचे नुसते कौतुक करून भागत नाही. त्याच्यावरचा भार कमी करावा लागतो, पाण्याखालचा पाया तपासावा लागतो आणि त्यासाठी कुणीतरी सतत मागे लागावे लागते.

आपल्या बॅचमध्ये इंजिनीअर आहेत, वकील आहेत, शिक्षक आहेत, पत्रकारही आहेत. आपापल्या गावच्या जुन्या पुलाची शेवटची तपासणी कधी झाली, एवढे तरी आपण विचारू या. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात.