बोटीवरची बक्षिसी

मुंबईच्या बॅलार्ड पियरवरून विलायतेस निघणाऱ्या पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींत डेकवरचे खलाशी बरेचसे कोंकण-गुजराथचे असत. भोजनगृहांत व केबिनींत मात्र गोमंतकीय. प्रवास संपतां संपतां उतारू त्यांच्या हातावर बक्षिसी ठेवीत. देणाऱ्यास तें औदार्य वाटे. गोऱ्या नोकरांच्या मानानें पगार तुटपुंजा, म्हणून घेणाऱ्याची ती मिळकतच होती.

पण ही रक्कम सगळी त्याच्या घरीं पोंचत नसे. काम मिळविण्यासाठीं दलाल, सारंग किंवा बटलर यांस दस्तुरी द्यावी लागे. तोंवर धोबीतलाव-माझगांवकडील, गांवोगांवच्या ‘कूड’ नांवाच्या क्लबांत पथारी टाकून वाट पाहावयाची, कर्ज काढावयाचें. हातीं न आलेली बक्षिसी अशी आधींच गहाण पडे! १९२२ च्या क्लो समितीनें हा प्रकार वेशीवर टांगला. १९३१ च्या व्हिटली आयोगाच्या अहवालांतही तो पुन्हा आलाच.

आज सहलीच्या बोटींवर अनेक कंपन्या रोजची ठराविक बक्षिसी उतारूच्या हिशेबांतच धरतात. खुषीच्या देण्याचें असें बिल झालें. तरी उतरतांना पाकीट सरकविणारे आहेतच, आणि गोमंतकीय तरुण त्या बोटींवर अद्याप चढतात.