माळावरचें पाणी आणि पांखरें

अहमदनगर जिल्ह्याचें नांव काढलें (२०२४ पासून तें अहिल्यानगर झालें आहे) कीं सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांपुढें भुईकोट किल्ला, चांदबिबी, नेवाशाचा पैसाचा खांब आणि फार तर साखरेचे कारखाने उभे राहतात. पांखरांचा विचार त्यांत कोठेंच नसतो, आणि तसें होणें एका परीनें साहजिकही आहे. अकोल्याकडील सह्याद्रीची बाजू सोडली तर हा बहुतेक सारा मुलूख पर्जन्यछायेंतला. वर्षाकाठीं बावीस-तेवीस इंच पाऊस झाला तरी लोक समाधान मानतात. मैलचे मैल कुसळी गवत, मधून मधून बोर, बाभूळ, तरवड, आणि मुरमाचे उघडे उंचवटे. परंतु ज्या माळास आपण उजाड म्हणतों, तो उजाड असतो मनुष्याच्या हिशेबीं. या माळावरील पांखरांची लेखी नोंद जवळजवळ दोनशें वर्षांची आहे. निजामशाहीच्या लढायांइतकी ती रोमहर्षक नसेल, पण आमच्या मतें ती वाचण्याजोगी खास आहे.

इ. स. १८२४ मध्यें मुंबई सरकारनें विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याकडे दख्खनची आंकडेवार माहिती गोळा करण्याचें काम सोंपविलें. खडकीच्या लढाईंत पेशव्यांच्या फौजेविरुद्ध लढलेला हा गृहस्थ. घर ताब्यांत घेतल्यावर नवा धनी भांडींकुंडीं मोजूं लागतो, तसाच हा प्रकार होता. पुणें, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार कलेक्टरींतील माणसें, पिकें, जमिनी, हवापाणी यांची त्यानें मोजदाद केली. पण साइक्सची नजर कारकुनाची नव्हती. धान्याचे भाव टिपतां टिपतां त्यानें शेताच्या बांधावरचे पक्षीही टिपले. १८३१ मध्यें तो स्वदेशीं परतला, आणि पुढच्याच वर्षीं लंडनच्या प्राणिशास्त्र-मंडळापुढें त्यानें दख्खनच्या पक्ष्यांची यादी मांडली. त्या यादींतील पन्नासांवर पक्ष्यांना तोंवर शास्त्रांत नांवच नव्हतें.

डबक्याच्या कांठीं अंग चोरून बसणारी आणि उडाली कीं एकाएकीं पांढरीशुभ्र दिसणारी ढोकरी आपण सर्वांनीं पाहिलेली आहे. तिचें शास्त्रीय बारसें साइक्सनें केलें. राखी वटवट्या, साधा वटवट्या, कड्याकपारींतून फिरणारी काळपट पाकोळी, माळावरील लाव्याची एक जात, हीं सर्व त्याच्याच यादींतलीं. माळावर गाणाऱ्या तुरेवाल्या चंडोलास त्यानें 'देवा' आणि एका चिमुकल्या मातकट पक्ष्यास 'रामा' हें नांव दिलें. लॅटिन परिभाषेंत हीं दोन्ही नांवें अजून नांदत आहेत. मोठ्या राखी सातभाईस मात्र त्यानें मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांचें नांव दिलें. दिवसभर कलकलाट करीत टोळीनें हिंडणाऱ्या पक्ष्यास गव्हर्नरसाहेबांचें नांव देण्यांत कांहीं विनोद असेल, तर तो साहेबांनीं मनावर घेतलेला दिसत नाहीं.

नांवें आमच्या लोकांनीं पूर्वींच ठेविलेलीं होतीं, हें येथें सांगितलें पाहिजे. आकाशांत उंच चढून कोलांट्या घेत खालीं येणारा चिमणीएवढा पक्षी म्हणजे डोंबारी. मृगाच्या तोंडावर 'पेरते व्हा' म्हणून शेतकऱ्याच्या मागें लागणारा तो पावशा. काळ्या अंगाचा, कपाळीं पांढरा टिळा लावलेला आणि थव्यानेंच राहणारा पाणपक्षी म्हणजे वारकरी. ज्यानें हें शेवटचें नांव प्रथम उच्चारलें त्याची पाहण्याची शक्ति कोणत्याही प्राणिशास्त्र्याहून उणी नव्हती. आणि माळावरील पांखरांचें सर्वांत सूक्ष्म ज्ञान ज्यांना होतें त्या फासेपारध्यांना तर इंग्रजी कायद्यानें जन्मतःच गुन्हेगार ठरविलें. तो शिक्का कागदोपत्रीं पुसला गेला तो १९५२ मध्यें. तित्तिर कोणत्या वेळीं कोणत्या झुडपांतून कोणत्या बाजूस निघेल हें सांगणाऱ्या या माणसांचें ज्ञान मात्र कोणी लिहून घेतलें नाहीं.

साइक्सनंतर अर्धशतकानें, १८७८ मध्यें, डेव्हिडसन आणि वेन्डन या दोघांनीं ह्यूमसाहेबांच्या पक्षिविषयक नियतकालिकांत दख्खनच्या पक्ष्यांवर लेख लिहिला. त्या काळीं पक्षी पाहणें याचा अर्थ बहुधा बंदुकीनें पाडून हातांत घेऊन पाहणें असा होता. पिसें मोजायचीं, चोंच मापायची, कातडें वाळवून संग्रहालयांत धाडायचें. आज हें क्रूर वाटतें, पण दुर्बिणी सामान्य माणसाच्या आवांक्यांत येईपर्यंत आणि चांगलीं रंगीत चित्रें छापलीं जाईपर्यंत खात्रीची ओळख पटविण्याचा दुसरा मार्ग नव्हता. १९४१ मध्यें डॉ. सालिम अली यांचें भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक निघालें आणि बंदूक न बाळगतां पांखरें ओळखण्याची सोय झाली. मुंबईची निसर्गेतिहास-संस्था १८८३ पासून काम करीत होती. तिचें काम मध्यमवर्गाच्या घरांत शिरलें तें या पुस्तकानें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

पुढच्याच वर्षीं खुद्द नगरच्या किल्ल्यांत एक निराळाच पक्षिनिरीक्षक येऊन दाखल झाला. ऑगस्ट १९४२ मध्यें सरकारनें काँग्रेसच्या पुढाऱ्यांना पकडून येथें आणून ठेविलें. नेहरूंनीं येथें हिंदुस्थानच्या इतिहासावरील आपला ग्रंथ लिहिला, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. मौलाना आझाद यांनींही येथें एका स्नेह्यास उद्देशून पत्रें लिहिलीं. तीं तुरुंगांतून बाहेर जाण्याचा संभव नव्हता. १९४६ मध्यें तीं 'गुबार-ए-खातिर' या नांवानें उर्दूंत प्रसिद्ध झालीं. त्यांतील एक प्रकरण सर्वस्वीं चिमण्यांचें आहे. मौलानांच्या खोलीच्या छताशीं चिमण्यांनीं घरटीं मांडलीं होतीं. प्रथम त्यांना हुसकावून लावण्याचा खटाटोप, मग तह, मग तांदुळाचे दाणे, आणि हळूहळू इतका घरोबा कीं कोणी कलंदर झाला, कोणी मोती झाली. याच कैदेंत, एप्रिल १९४३ मध्यें, कलकत्त्यास त्यांच्या पत्नी वारल्या. शेवटची भेट झाली नाहीं. तें लक्षांत ठेवून चिमण्यांचें प्रकरण वाचलें म्हणजे त्यांतल्या थट्टामस्करीचा सूर निराळाच लागतो. नगर जिल्ह्यांत झालेल्या पक्षिनिरीक्षणाचा यापेक्षां सुंदर लेख आमच्या तरी पाहण्यांत नाहीं, आणि त्यांत एकही दुर्मिळ पक्षी नाहीं!

आतां पाण्याकडे वळूं. या जिल्ह्यांत मोठें पाणी सांठविण्यास आरंभ झाला तो इंग्रजी अमदानींत, दुष्काळांच्या धास्तीनें. श्रीगोंद्याकडे हंगा नदीवर विसापूरचा तलाव झाला; प्रवरेवर भंडारदऱ्याचें धरण १९२६ मध्यें पुरें झालें. भंडारदऱ्याचा जलाशय डोंगरांच्या कुशींत खोल उतरलेला, त्यामुळें डोळ्यांस फार रम्य. पण पाण्यांत पाय बुडवून चरणाऱ्या पांखरास त्या खोलीचा काय उपयोग? त्यास हवें उथळ पाणी आणि गाळ. तें त्यास मिळालें गोदावरीवर. पैठणच्या धरणाची कोनशिला ऑक्टोबर १९६५ मध्यें लालबहादूर शास्त्री यांनीं बसविली आणि फेब्रुवारी १९७६ मध्यें इंदिरा गांधींच्या हस्तें उद्घाटन झालें. धरणाची भिंत सुमारें दहा किलोमीटर लांब. तिच्यामागें सपाट मुलखांत पाणी पसरलें तें सुमारें साडेतीनशें चौरस किलोमीटर, आणि त्यांतला मोठा भाग नगर जिल्ह्याच्या शेवगांव व नेवासें तालुक्यांत आला. शंभरांवर गांवें पाण्याखालीं गेलीं. नाथांच्या नांवानें या पाण्यास नाथसागर म्हणतात. १९८६ मध्यें तें पक्षी-अभयारण्य म्हणून जाहीर झालें. सुमारें दोनशें जातींचे पक्षी तेथें आढळतात. धरण बांधणारांच्या नकाशांत पांखरांस कोठेंही जागा नव्हती. तीं आपण होऊन आलीं.

येथला ऋतुक्रम उलटा आहे. पावसाळ्यांत, जेव्हां सर्व सृष्टि भरास येते असें कवि सांगतात, तेव्हां जलाशय पांखरांच्या दृष्टीनें ओकाबोका असतो. गढूळ पाणी कांठोकांठ चढलेलें, चिखलाचे किनारे बुडालेले. गंमत अशी कीं हें पाणी बहुतेक दुसऱ्याच्या पावसाचें. शेवगांवच्या माळावर ढग नुसते वरून जात असतां नाशिककडे कोसळलेला पाऊस गोदावरीनें येथें आणून सोडलेला असतो. आश्विनांत पाणी निवळतें, आणि कार्तिकाच्या सुमारास उत्तरेकडून थवे उतरूं लागतात. शेपटीस लांब टोंक असलेले तलवार बदक, फावड्यासारख्या चोंचीचे थापट्ये, भुवईवर पांढरी रेघ ओढलेलीं भुवई बदकें, आणि पौषापर्यंत वारकऱ्यांची तर एवढी दाटी कीं दुरून पाण्यावर काळी सतरंजी अंथरल्यासारखी वाटावी. हीं बदकें मध्य आशिया आणि सैबेरियाकडून येतात. यांतील प्रवास करणाऱ्या पक्ष्यांच्या पायांत कडीं घालून त्यांचा माग काढण्याचें काम सालिम अलींच्या देखरेखीखालीं १९५९ मध्यें मोठ्या प्रमाणावर सुरू झालें. तोंपर्यंत त्यांच्या वाटा बहुतांशीं तर्कानेंच आंखल्या जात.

या पाहुण्यांत चक्रवाक हा आमच्या विशेष आवडीचा. नारिंगी-तांबूस अंग, फिकट मस्तक, आणि दूरवर ऐकूं जाणारा सानुनासिक स्वर. संस्कृत कवींनीं त्याच्या गळ्यांत रात्रींच्या विरहाचें लोढणें बांधून ठेविलें. त्या संकेताचा आश्रय करून ज्ञानदेवांनीं नेवाशास, प्रवरेच्या कांठीं, ज्ञानेश्वरीच्या सोळाव्या अध्यायाच्या आरंभीं चक्रवाकाच्या जोडप्याचें रूपक केलें आहे. आज हिंवाळ्यांत प्रवरासंगमापासून खालच्या पाण्यावर हीं जोडपीं दिसतात, म्हणजे त्या स्थळापासून थोड्याच कोसांवर. रात्रीं तीं एकत्रच चरतात, हें सांगितल्यानें रूपकाचें सौंदर्य रतिभरही कमी होत नाहीं.

फाल्गुनांत पाणी ओसरूं लागलें कीं चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि मग रोहित पक्षी, चमचे, चित्रबलाक यांची चंगळ होते. रोहिताची चोंच उलटी बुडवून गाळणीप्रमाणें चालते. ती पाहण्यास पहांटे उठून जावें, दुपारीं मृगजळांत सर्वच तांबडें-पांढरें थरथरत असतें. चैत्रांत उत्तरेकडचे पाहुणे परततात. उरतात घरचीं माणसें, म्हणजे माळाचीं पांखरें, आणि तीं पाण्यावर येतात तें पाहण्यासारखें असतें. पखुर्डी हा कबुतराएवढा मातकट पक्षी सकाळीं ठराविक वेळेस थव्याथव्यानें येतो, घटकाभर पितो आणि जातो. नर मात्र पोटाचीं पिसें पाण्यांत भिजवून घेतो आणि तें पाणी कोसभर दूर माळावरील पिलांकडे नेतो. मीड-वॉल्डो नांवाच्या इंग्रज गृहस्थानें पाळलेल्या पखुर्ड्यांत १८९६ मध्यें हें पाहून लिहिलें, तेव्हां पुष्कळांना तें खरें वाटेना. १९६७ मध्यें केड आणि मॅक्लीन यांनीं आफ्रिकेच्या वाळवंटांत त्याची खातरजमा केली.

ज्या कालव्यांनीं ऊंस आणला त्यांनीं माळही खाल्ला, ही गोष्ट या इतिहासांतून वगळतां येत नाहीं. माळढोक हा या माळाचा खरा राजा. उंची मीटरभर, चाल सरदारी. त्यास राष्ट्रीय पक्ष्याचा मान द्यावा अशी सालिम अलींची सूचना होती. १९६३ मध्यें तो मान मोरास मिळाला. १९७९ मध्यें सोलापूर आणि नगर जिल्ह्यांचा सुमारें साडेआठ हजार चौरस किलोमीटर मुलूख माळढोकासाठीं राखीव जाहीर झाला. त्यांत शेतें, गांवें, रस्ते सर्वच आलीं. लोकांस स्वतःची जमीन विकतांना अडचण पडूं लागली आणि पक्ष्याविषयीं ममता वाढण्याऐवजीं रोष वाढला. पुढें तें क्षेत्र सुमारें बाराशें चौरस किलोमीटरांवर आणलें गेलें. एवढें अवाढव्य कुंपण घालून आंतल्या माणसांना कांहींच न विचारणें ही चूक सरकारची होती, असें आमचें स्पष्ट मत आहे. माळढोक मात्र नगरच्या माळावरून गेला. साऱ्या देशांत आतां दीडशेंही उरलेले नाहींत, आणि जे आहेत ते बहुतेक राजस्थानांत.

नाथसागरच्या पाण्याचेंही तसेंच भांडण आहे, फक्त तें माणसामाणसांतलें. वर नाशिक-नगरचीं धरणें, खालीं मराठवाडा. २०१३ मध्यें मेंढेगिरी समितीनें वांटपाचें सूत्र ठरविलें. १५ ऑक्टोबरास जायकवाडींत उपयुक्त सांठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरून पाणी सोडावें, असा त्याचा मथितार्थ. मुळा आणि प्रवरेच्या शेतकऱ्यास तें पाणी आपल्या तोंडांतला घांस वाटतो. पैठण-जालन्याच्या माणसास तो आपला हक्क वाटतो. दोघांचेंही खरें आहे. या वांटपांत पांखरें पक्षकार नाहींत, परंतु त्यांचें सर्व संवत्सर त्याच आंकड्यांवर ठरतें. पाणी उशीरां उतरलें तर चिखल उघडा पडत नाहीं. फार लवकर उतरलें तर उघड्या गाळावर गाळपेरीचें पीक उभें राहतें, आणि ज्या कुटुंबाचें शेत १९७६ मध्यें बुडालें त्यास त्याच मातींत पेरूं नको म्हणून सांगण्यास कोणाची जीभ उचलणार?

वैशाख-ज्येष्ठांत पाणी अगदीं तळास गेलें म्हणजे बुडालेल्या गांवांचे चौथरे आणि देवळांचे दगड वर येतात. भोंवतालच्या उघड्या बेटांवर नदी-सुरय वाळूंत नुसता खळगा करून दोन-तीन अंडीं घालतात. उन्हानें तीं भाजूं नयेत म्हणून पोट भिजवून येऊन त्यांवर बसतात. पिलांना पंख फुटण्यास अजून कांहीं आठवडे लागायचे असतात, आणि लोक तोंवर पश्चिमेकडे पाहत नाशिकला पाऊस लागला काय, याची चौकशी करूं लागलेले असतात.