वोलेमी पाइन
(लॅ. वोलेमिया नोबिलिस, कुल–अरौकॅरिएसी). प्रकटबीज वनस्पतींपैकी हा सदापर्णी शंकुमंत वृक्ष निसर्गात केवळ ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यातील वोलेमी राष्ट्रीय उद्यानात आढळतो. नावात ‘पाइन’ असले, तरी पाइनशी त्याचे जवळचे नाते नाही. महाराष्ट्रातील बागांत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून लावल्या जाणाऱ्या अरौकॅरियाचा तो आप्त होय.

या कुलातील वृक्ष मध्यजीव महाकल्पात दूरवर पसरलेले होते. भारतात राजमहाल टेकड्यांच्या खडकांतही त्यांचे जीवाश्म मिळतात. वोलेमियाच्या परागकणांशी जुळणारे जीवाश्म परागकण सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीपासून आढळतात व सुमारे २० लक्ष वर्षांपूर्वी दिसेनासे होतात. जिवंत वृक्ष मात्र कोणाच्या पाहण्यात नव्हता.

१० सप्टेंबर १९९४ रोजी उद्यानसेवेतील डेव्हिड नोबल हे दोरांच्या साहाय्याने एका खोल घळीत उतरले असता त्यांना ही अनोळखी झाडे दिसली. सिडनीसारखे महानगर तेथून सु. १५० किमी.वरच आहे, हे नवल होय. १९९५ मध्ये जोन्स, हिल व ॲलन यांनी जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. जातिवाचक नाव नोबल यांच्यावरून दिले आहे.

वृक्ष सु. ४० मी. उंच वाढतो. साल फुगेरी, तपकिरी. बुंध्यापासून अनेक खोडे फुटतात. नैसर्गिक अवस्थेतील प्रौढ वृक्ष शंभराहूनही कमी असून त्यांच्यात आनुवंशिक विविधता अत्यल्प आहे. एका झाडाला मारक ठरणारा रोग सर्वांनाच मारक ठरू शकतो. म्हणून घळीचे स्थान गुप्त ठेवण्यात आले. तरीही २००५ मध्ये मुळे कुजविणारा फायटोप्थोरा हा कवकसदृश सूक्ष्मजीव तेथे आढळला. पादत्राणांना चिकटलेल्या मातीतूनही तो पसरतो.

मूळ वृक्ष लपवावयाचे आणि त्यांची संतती जगभर वाटावयाची, असे दुहेरी धोरण शासनाने स्वीकारले. रोपांचा पहिला लिलाव २००५ मध्ये झाला. २००६ पासून ती सर्वसाधारण विक्रीस आली. हौशी माणसाच्या कुंडीतील रोप घळीची जागा घेऊ शकत नाही, परंतु चोरून घळीत शिरण्याचे एक कारण त्यामुळे नाहीसे होते. उद्यानातच अन्य ठिकाणी रोपे लावण्याचे प्रयोगही २०१२ पासून चालू आहेत.

२०१९-२० च्या प्रचंड वणव्यात आग घळीपर्यंत पोहोचली. विमानांतून अग्निरोधक द्रव्य टाकण्यात आले. हेलिकॉप्टरमधून उतरविलेल्या अग्निशामकांनी जलसिंचनाची व्यवस्था करून जमीन ओली ठेवली. काही झाडे होरपळली, पण वृक्षसमूह वाचला. ही मोहीम जानेवारी २०२० पर्यंत जाहीर करण्यात आली नव्हती.