अमेइरो : एका रंगाची पाठचिकित्सा

गेले तीन महिने माझ्या टेबलावर एक विमान न रंगवलेल्या अवस्थेत पडून आहे. विमान अर्थातच प्लॅस्टिकचे, खऱ्याच्या बहात्तराव्या भागाइतके. पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजले तर सतरा सेंटिमीटरही भरत नाही. मित्सुबिशीचे ए६एम२, जगाला 'झिरो' या नावाने ठाऊक असलेले जपानी नौदलाचे लढाऊ विमान. (१९४० हे जपानी राजपरंपरेच्या कालगणनेतले २६०० वे वर्ष, त्यातल्या शेवटच्या शून्यावरून हे नाव पडले.) जोडकाम दोन रविवारांत उरकले. अडले ते रंगापाशी. ७ डिसेंबर १९४१ च्या सकाळी पर्ल हार्बरवर आलेल्या या विमानाचा रंग नेमका कोणता होता, या प्रश्नाचे उत्तर ऐंशीहून अधिक वर्षांनंतरही एकमताने देता येत नाही. साहित्याच्या अभ्यासकांपुढे हा विषय मांडण्याचे धाडस करतो आहे ते एवढ्याचसाठी की, या वादाच्या मुळाशी एक शब्द आहे, आणि वादाची सारी रीत आपल्या पाठचिकित्सेच्या ओळखीची आहे.

थोडा पूर्वेतिहास सांगणे भाग आहे. १:७२ हे प्रमाण इंग्लंडमध्ये 'स्कायबर्ड्स' या लाकडी प्रतिकृतींनी १९३२ पासून रूढ केले. एक इंच म्हणजे सहा फूट, साधारण एक उभा माणूस, असा तो सोयीचा हिशेब होता. १९३६ साली 'फ्रॉग पेंग्विन' या नावाने प्लॅस्टिकचे संच आले. पुढे युद्ध आले आणि १९४२ साली अमेरिकन नौदलाने शाळकरी मुलांकडून याच प्रमाणातल्या लाखो प्रतिकृती करून घेण्याची मोहीम काढली. ही सगळी विमाने एकजात काळी रंगवायची होती, कारण आकाशात शत्रूचे विमान दिसते ते छायाकृतीसारखे. पस्तीस फुटांवर धरलेली प्रतिकृती अर्ध्या मैलावरच्या विमानाएवढी भासते आणि तेवढ्या अंतरावरून आपला कोण आणि परका कोण हे ओळखता आले की तिचे काम झाले. या छंदाच्या इतिहासातला हा एकच काळ असा, की ज्यात रंगाचा प्रश्नच उद्भवला नाही.

१९५३ साली एअरफिक्सने स्पिटफायरचा संच काढला आणि विमाने मुलांच्या खाऊच्या पैशांत येऊ लागली. तेव्हाचे रंगकाम म्हणजे हिरवा, तपकिरी आणि वर चिकटवलेली बोधचिन्हे. 'अस्सल' रंगाचा आग्रह पुढच्या दोन दशकांत वाढत गेला. त्याला आधार मिळाला तो अमेरिकन सरकारच्या १९५६ च्या रंगमानकाचा, फेडरल स्टँडर्ड ५९५ चा. त्यात प्रत्येक रंगाला पाच अंकी क्रमांक असून पहिला अंक चकाकी सांगतो : १ म्हणजे चकचकीत, २ म्हणजे निमचकचकीत, ३ म्हणजे मंद. खरेदी-विक्रीच्या सोयीसाठी केलेली ही सूची छंदिष्टांनी प्रमाणग्रंथासारखी उराशी धरली. ज्या देशांनी आणि ज्या काळात ती कधी वापरलीच नव्हती, तिथल्या विमानांनाही तिचे क्रमांक बहाल करण्यात आले.

नंतरची पायरी 'वेदरिंग'ची. मराठीत त्याला नेमका शब्द नाही. चार पावसाळे काढलेले विमान दाखवणे, असे फार तर म्हणता येईल. सत्तरच्या दशकात अमेरिकेत शेपर्ड पेन यांनी, पाठोपाठ बेल्जियमच्या फ्रान्स्वा व्हेर्लिंडन यांनी, प्रतिकृतीला वापरलेपण देण्याच्या युक्त्या लोकप्रिय केल्या. तेलरंग शाईइतका पातळ करून पत्र्यांच्या सांध्यांत सोडायचा, तो खाचेत स्थिरावतो आणि रेघ उठून दिसते. जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून हलकेच फिरवला की कडा उजळतात. पुढे एअरब्रश आला. सांध्यांवर आधीच काळा फवारून वर मूळ रंगाचा विरळ थर देण्याची पद्धत आली. चंदेरी थरावर मिठाचे खडे चिकटवून वर रंग मारायचा, वाळल्यावर मीठ झटकायचे, की रंगाचे पोपडे उडाल्यासारखे दिसते. केसांवर मारायचा स्प्रेही याच कामी लागला : तो पाण्यात विरघळतो, त्यामुळे त्याच्यावरचा रंग ओल्या ब्रशने हवा तिथे खरवडता येतो.

या युक्त्यांची मोहिनी मी नाकारत नाही, पण एकदा हिशेब करून पाहावा. प्रतिकृतीवरची दशांश मिलिमीटरची खाच खऱ्या विमानावर सात मिलिमीटरहून रुंद ठरते. अर्ध्या मिलिमीटरचा चंदेरी ठिपका म्हणजे जवळजवळ दीड इंचाचा उडालेला टवका. पंखावर असे चाळीस ठिपके दिले की वैमानिकाने यंत्रशाळेच्या प्रमुखाला जाब विचारायला हवा. तीच गत 'स्केल इफेक्ट' नावाच्या सिद्धान्ताची. एका फुटावरून पाहिलेली प्रतिकृती म्हणजे बहात्तर फुटांवरचे विमान, म्हणून हवेच्या थराने फिकटलेपण येणार, म्हणून रंगात पांढरा मिसळा, असे तो सांगतो. लिओनार्दोने डोंगरांविषयी जे निरीक्षण नोंदवले, ते इथे बहात्तर फुटांना लावले आहे. स्वच्छ हवेत एवढ्या अंतरावर कोणता रंग फिकटतो? वाड्याच्या दिंडीदरवाजातून चौकापलीकडच्या तुळशीवृंदावनाकडे पाहावे. तुळस हिरवीच दिसते. तरीही पांढरा मिसळलेली प्रतिकृती अधिक खरी वाटते हेही तितकेच खरे, आणि त्याचे कारण प्रकाशशास्त्रापेक्षा आपल्या वाचनसवयींत शोधावे लागेल. आपण जुन्या छायाचित्रांत युद्ध पाहिलेले असते आणि फिकटपणा हा आपल्या लेखी भूतकाळाचाच रंग होऊन बसलेला असतो.

आता झिरोकडे वळू. कितीतरी वर्षे संचातल्या सूचनापत्रकांत एकच सूचना असे : फिकट करडा. १९७७ साली प्रसिद्ध झालेला डॉनल्ड थॉर्प यांचा जपानी नौदलाच्या विमानरंगांवरील ग्रंथ दीर्घकाळ आधारभूत मानला गेला आणि करड्याची परंपरा स्थिरावली. कृष्णधवल छायाचित्रांत विमान फिकट दिसते, एवढ्यावर कुणी आक्षेप घेण्याचे कारणही नव्हते.

या स्थिर पाठाला धक्का देणारा एक मूळ दस्तऐवज आहे. योकोसुका येथील नौदलाच्या वैमानिकी तंत्रसंस्थेने फेब्रुवारी १९४२ मध्ये झिरोच्या छद्मरंगांविषयी एक अहवाल तयार केला. नवे रंग सुचवताना त्यात प्रचलित रंगाचेही ओझरते वर्णन आले : जे-३, म्हणजे करडा, पण किंचित 'अमेइरो'कडे झुकलेला. 'जे-३' हा नौदलाच्या रंगमानकातला संकेत, आणि त्याचा नमुना करडाच आहे. सगळा घोळ पुढच्या शब्दाने केला.

अमे म्हणजे जपानी मिठाईतला एक प्रकार. धान्याच्या पिष्टापासून काढलेला दाट पाक, आटवून घट्ट केलेला. इरो म्हणजे रंग. शब्दकोश याला पिवळसर तपकिरी, पारदर्शकतेकडे झुकणारा रंग म्हणतात. पण जपानी गृहिणी हा शब्द रोज वापरते तो चुलीपाशी : कांदा मंद आचेवर अमेइरो होईपर्यंत परतायचा. इथे मराठी वाचकाला थबकावेसे वाटेल. आपल्या पाककृतींत कांदा 'गुलाबी' होईपर्यंत परततात आणि आजवर कोणत्याही घरात परतलेला कांदा गुलाबाच्या रंगाचा झालेला नाही. तरी कुणाची फोडणी चुकत नाही, कारण तो शब्द रंगाइतकीच एक अवस्था सांगतो : कच्चेपण गेले, करपणे अजून दूर आहे. उद्या एखाद्या परक्या संशोधकाने केवळ कोशाच्या आधारे आपल्या कांद्याची छटा ठरवायची म्हटली तर काय होईल, याची कल्पना करावी. आमसुली, डाळिंबी, अबोली, मोरपंखी, पारवा ही सारी नावे वस्तूंची आहेत. ती वस्तू ज्याने हाताळली आहे त्याच्यापाशीच त्यांचा अर्थ पुरता पोचतो.

अमेइरोचे तसेच झाले. एका पक्षाने म्हटले, हा शब्द पारदर्शक थर सुचवतो, म्हणजे करड्यावर रोगणाचा हात दिलेला असावा आणि तो पिवळट पडत गेला असावा. दुसऱ्याने म्हटले, रोगण वगैरे काही नाही. रंग मुळातच ऑलिव्हकडे झुकणारा करडा होता आणि अहवाल लिहिणाऱ्याने जवळचा शब्द वापरला. तिसरा पक्ष उत्साही छंदिष्टांचा. त्यांनी अमेइरो हे रंगाचेच नाव समजून विमाने चक्क काकवीच्या रंगाची रंगवली. अहवालातला 'किंचित' हा शब्द त्यांच्या हातून निसटला. भाषांतराचे वर्ग घेणाऱ्यांना यात नवे काही वाटणार नाही.

शब्दाने निकाल लागेना, तेव्हा वस्तूंकडे जावे लागले. पर्ल हार्बरच्या हल्ल्यात नऊ झिरो परत गेली नाहीत. तीन विमानांची नावे या वादात पुन्हा पुन्हा येतात : 'आकागी' नौकेवरून आलेल्या ताकाशी हिरानोचे, 'सोऱ्यू'वरून आलेल्या फुसाता इइदाचे आणि निइहाऊ बेटावर उतरलेल्या शिगेनोरी निशिकाइचीचे. पडलेल्या विमानांभोवती जमलेल्या सैनिकांनी आठवण म्हणून पत्र्याचे तुकडे कापून नेले. ते पेट्यांमध्ये, कपाटांमध्ये, अंधारात राहिले. पुढे जेम्स लान्सडेल यांच्यासारख्या अभ्यासकांनी असे तुकडे शोधून रंगपट्ट्यांशी ताडून पाहिले. संग्रहालयांतली बहुतेक विमाने तोवर पुन्हा रंगवली गेली होती. जतन करणाऱ्यांनी पुरावा झाकला आणि ओरबाडणाऱ्यांनी तो राखला, असा हा विपरीत प्रकार आहे. पोथी वाळवीने खाल्लेली आणि नीटनेटक्या नव्या नकलेत प्रत्येक लेखकूची 'दुरुस्ती', यांपैकी कशावर विसंबावे हा प्रश्न संपादकांना परिचित आहे.

तुकड्यांवर दिसला तो ऑलिव्ह छटेचा, किंचित हिरवट, उबदार करडा. मग प्रश्न आला की ही छटा मूळची की वयाची? ऊन खाल्लेल्या रंगाच्या पृष्ठभागी खडूसारखी भुकटी धरते आणि रंग फिकट, थंड करडा दिसू लागतो. हलक्या हाताने घासले की खालचा गडद, उबदार रंग पुन्हा वर येतो. निक मिलमन यांची मांडणी अशी की, रंग मुळातच करडा-हिरवट होता आणि फिकट करडा ही त्याची झिजलेली अवस्था. मला ती पटते, कारण तीत दोन्ही साक्षी खऱ्या ठरतात : करडा पाहिला म्हणणारेही आणि ऑलिव्ह पाहिला म्हणणारेही. पाहिले तो महिना तेवढा वेगळा. टामियाने आता एक्सएफ-७६ या क्रमांकाने जपानी नौदलाचा 'करडा-हिरवा' बाजारात आणला आहे, म्हणजे डबीपुरता तरी पाठ बदलला आहे.

इथे वेदरिंगवाल्यांची खरी पंचाईत होते. झिरो म्हटले की पोपडे उडालेले, चंदेरी डागांनी भरलेले विमान रंगवण्याचा प्रघात आहे. न्यू गिनीतल्या जपानी लष्कराच्या विमानांवरून तो आला. तिथे उघड्या पत्र्यावर थेट मारलेला हिरवा रंग खरोखरच सालपटांसारखा निघत असे. मित्सुबिशीच्या झिरोला मात्र खाली लालसर तपकिरी अस्तर होते, रिव्हेट पृष्ठाशी समतल होते, वरचा थर गुळगुळीत आणि चकाकता. डिसेंबर १९४१ मधले झिरो जुने दिसण्याइतके जगलेच नव्हते. जीर्णता रंगवायची तर आधी तारीख ठरवावी लागते, आणि माझी तारीख ठरलेली आहे.

मी इइदाचे विमान करतो आहे, बीआय-१५१. त्या सकाळी इंधनाची टाकी फुटल्यावर तो कानेओहेच्या तळाकडे परत वळला आणि तिथेच कोसळला. दुसऱ्या दिवशी अमेरिकनांनी त्याला लष्करी इतमामाने पुरले. गेल्या आठवड्यात अखेर डबी उघडली. पांढरा मिसळणार नाही, मीठ वापरणार नाही. इंजिनाचे आवरण काळसर निळे, बाकी सारे विमान करड्या-हिरव्याचे, वर निमचकचकीत थर. धुराड्याच्या मागे काजळीची एक विरळ रेघ तेवढी ओढायची आहे, नौकेपासून ओआहूपर्यंतच्या सुमारे दीड तासाच्या उड्डाणात धरेल एवढीच.