विद्युत् तारजोडणी, घरगुती

घराच्या मापकापासून (मीटरपासून) दिवे, पंखे व इतर उपकरणांपर्यंत वीज नेणाऱ्या तारा, खटके (स्विच), सॉकेटे, वितळतारा (फ्यूज) व भूयोजन (अर्थिंग) यांच्या एकत्रित रचनेस घरगुती विद्युत् तारजोडणी म्हणतात. भारतात ही रचना २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झच्या एककला प्रत्यावर्ती प्रवाहासाठी केलेली असते. तिच्यात कला (फेज), उदासीन (न्यूट्रल) व भूतार अशा तीन तारा अपेक्षित असतात. पहिल्या दोन तारांवर उपकरण चालते. तिसरी तार उपकरण चालविण्यास काहीही हातभार लावीत नाही. बिघाड झाल्यावरच तिचे काम सुरू होते. यामुळे तारजोडणीच्या इतिहासात ती सर्वांत उशिरा आली आणि खर्च वाचविताना सर्वांत आधी गाळली गेली.

इतिहास : टॉमस एडिसन यांनी १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीट केंद्रातून वीजपुरवठा सुरू केला. आरंभीच्या खटक्यांत मंडल सावकाश तुटत असल्याने संपर्कबिंदूंमध्ये ठिणगी रेंगाळे व धातू जळून जाई. न्यूकॅसल येथील जॉन हेन्री होम्स यांनी १८८४ मध्ये स्प्रिंगेच्या साहाय्याने संपर्क झटकन तोडणारा खटका तयार केला. खटका दाबताना होणारा ‘टक्’ असा आवाज ही या युक्तीचीच खूण होय. पुढे वीज दिव्यापुरती न राहता इस्त्री, पंखा, शेगडी अशा हलविता येणाऱ्या उपकरणांसाठी वापरली जाऊ लागली. अमेरिकेत हार्वी हबेल यांनी १९०४ मध्ये सुटा करता येणाऱ्या प्लगचे एकस्व मिळविले. ब्रिटनमध्ये १९३४ साली बीएस ५४६ या मानकाने गोल खुंट्यांचे प्लग व सॉकेटे प्रमाणित झाली. ब्रिटनने १९४७ मध्ये वेगळ्या, चौकोनी खुंट्यांच्या प्लगचे मानक स्वीकारले. भारतात मात्र गोल खुंट्यांचीच पद्धत टिकली व आयएस १२९३ या भारतीय मानकात ती आढळते. तीन खुंट्यांच्या प्लगमध्ये भूतारेची खुंटी इतरांपेक्षा लांब व जाड असते. लांब असल्याने ती प्रथम जोडली जाते व शेवटी सुटते. जाड असल्याने ती कलेच्या छिद्रात शिरू शकत नाही.

भारतातील प्रारंभ : मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमध्ये १८८२ साली विजेचे दिवे लागले, पण तो प्रयोग अल्पजीवी ठरला. १९०५ नंतर त्या शहरात वीजपुरवठा स्थिरावला आणि १९१५ मध्ये खोपोलीचे टाटा जलविद्युत् केंद्र सुरू झाले. मोठ्या शहरांबाहेर वीज पोहोचविण्याचे काम मुख्यतः स्वातंत्र्यानंतरचे आहे. १९४८ च्या विद्युत् पुरवठा अधिनियमानुसार १९५४ मध्ये मुंबई राज्य विद्युत मंडळ आणि २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. २००५ मध्ये त्याचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले.

खानदेश व शिरपूर : शिरपूर (जि. धुळे) हे अरुणावती नदीकाठचे तालुक्याचे ठिकाण असून तालुक्याच्या दक्षिणेस तापी नदी व उत्तरेस सातपुडा आहे. भुसावळजवळील दीपनगरचे औष्णिक वीजकेंद्र १९६८ पासून वीज निर्माण करू लागले, तरी खानदेशातील जुनी घरे विजेसाठी बांधलेली नव्हती. मातीच्या जाड भिंती, सागवानी खांब व वर मातीचे धाबे अशा घरांत तारा भिंतीच्या आत नेणे गैरसोयीचे असे. म्हणून भिंतीत लाकडी गुल्ल्या ठोकून त्यांवर व तुळयांवर सागवानी पट्ट्या बसवीत आणि त्यांवरून रबरी वेष्टनाच्या तारा नेत. गोल लाकडी ठोकळ्यावर पितळी, नंतर बेकेलाइटचा खटका बसवीत. उन्हाळ्यात ४०° से. वर जाणाऱ्या तापमानात रबर कडक होऊन तडकते, पावसाळ्यात धाब्यातून पाणी झिरपते व लाकडास वाळवी लागते. त्यामुळे गळती प्रवाह हा अशा घरांतील नेहमीचा दोष ठरतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या पावरा वस्त्यांतील कुडाच्या भिंतींवर पट्ट्या बसविणे याहून अवघड असते.

पीव्हीसी वेष्टनाच्या तारा आल्यावर रबराचा दोष दूर झाला. परंतु तांब्याच्या टंचाईमुळे १९६० नंतरच्या दशकांत ॲल्युमिनियमच्या तारा सर्रास वापरल्या गेल्या. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडाचा अवरोधक थर बसतो व स्क्रूखाली दबून धातू सैल होतो. असा सांधा तापून खटका वा सॉकेट काळे पडते. १९८८-८९ पासून कुटीर ज्योती योजनेखाली दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांस एका दिव्याची जोडणी देण्यात आली. अंधार दूर करण्याच्या दृष्टीने तिचे मोल मोठे होते. तथापि पुढे त्याच दिव्याच्या तारेवरून पंखा व दूरचित्रवाणी संच जोडले गेले की दोन तारांची मर्यादाही त्यांच्यासोबत वाढत जाते.

बिघाड व शोधपद्धती : घरगुती बिघाडांचे खंडित मंडल, मंडलसंक्षेप (शॉर्ट सर्किट), गळती व सैल सांधा असे चार मुख्य प्रकार होत. निऑन दर्शक (टेस्टर) कलेच्या छिद्रात उजळूनही उपकरण चालत नसेल, तर बहुधा उदासीन तार तुटलेली असते. कला व उदासीन तारांमध्ये चाचणी दिवा लावून ही शंका फेडता येते. कला व भूतार यांमध्ये तोच दिवा लावून भूतारेची अखंडता अजमावण्याची रीत आहे. परंतु भूतार वाटेत तुटलेली असल्यास तिला जोडलेल्या उपकरणांच्या धातूच्या भागांत या चाचणीने वीज उतरते. म्हणून ही चाचणी जाणकारानेच करावयाची असते.

खटका कलेच्या तारेत असणे आवश्यक आहे. तो उदासीन तारेत बसविला तरी दिवा नेहमीप्रमाणे विझतो, पण दिव्याचा धारक जिवंत राहतो. हा दोष वर्षानुवर्षे लक्षात येत नाही व दिवा बदलणाऱ्यास धक्का बसल्यावरच उघड होतो. वितळलेल्या तारेच्या जागी जाड तांब्याची तार गुंडाळणे हाही तसाच छुपा दोष आहे. त्याने दिवे पुन्हा लागतात, पण पुढील मंडलसंक्षेपात वितळतारेऐवजी भिंतीतील तार तापते.

भूयोजनाची मर्यादा : घरच्या भूपट्टाचा व जमिनीचा मिळून रोध २० ओहम असेल, तर उपकरणाच्या धातूच्या भागास कला टेकल्यावर जास्तीत जास्त २३० ÷ २० = ११·५ अँपिअर प्रवाह वाहतो. १६ अँपिअरची वितळतार एवढ्या प्रवाहाने वितळत नाही आणि उपकरण जिवंतच राहते. जमीन कोरडी पडताच रोध वाढतो. खानदेशात कूलर व पंपांचा वापर सर्वाधिक असतो तो याच दिवसांत. भूपट्टाभोवती कोळसा व मीठ घालून पाणी ओतण्याची जुनी रीत या कारणाने रूढ झाली. जाणाऱ्या व परतणाऱ्या प्रवाहांतील फरक ओळखणारा गळती मंडल खंडक (आरसीसीबी) अधिक खात्रीचा आहे. घरगुती वापरात तो ३० मिलिअँपिअर फरकास मंडल तोडतो. केवळ अतिप्रवाह तोडणारा लघू मंडल खंडक (एमसीबी) त्याची जागा घेऊ शकत नाही.

नियमन : १९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांनुसार तारजोडणीचे काम परवानाधारक ठेकेदाराने, प्रमाणपत्रधारक व्यक्तीच्या देखरेखीखाली करणे बंधनकारक झाले. केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या २०१० व २०२३ च्या विनियमांत हेच तत्त्व कायम आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील वीजतंत्री व तारतंत्री हे अभ्यासक्रम या कामासाठी मनुष्यबळ तयार करतात. तथापि नियमांची तपासणी जोडणी देतेवेळी होते; नंतर घरात वाढविलेल्या प्रत्येक सॉकेटची होत नाही. तीन छिद्रांच्या सॉकेटमागे दोनच तारा असल्या, तरी समोरून त्यात काही उणे दिसत नाही. भूतार नसलेल्या घरात सर्व उपकरणे व्यवस्थित चालतात, आणि याच कारणाने हा दोष घरगुती तारजोडणीतील सर्वांत चिवट दोष ठरला आहे.