पगार, झोप आणि एटीआर

मागच्या रविवारी शहापूरला गच्चीवर पडलो होतो. डोक्यात एकच हिशेब. बंगळूरची दुप्पट पगाराची ऑफर, की आसनगाव-ठाणे लोकल आणि घरचा वरणभात? तेवढ्यात मुरबाडच्या बाजूने एक विमान गेलं आणि वाटलं, हा हिशेब वैमानिकांनी आपल्या आधीच मांडलाय की!

ऑगस्ट २००३ मध्ये एअर डेक्कनची छोटी एटीआर विमानं हुबळीसारख्या गावांना जाऊ लागली. एटीआर म्हणजे पंख्याचं विमान. जेटपेक्षा पगार कमी, दिवसात चार-चार टेकऑफ-लँडिंग, पण रात्री बरेचदा आपल्या घरी. तरी कित्येक जण तास साठवायचे आणि मोठ्या विमानांकडे जायचे.

पण मोठा पगार तरी कुठे पक्का? २००८ मध्ये डेक्कन किंगफिशरमध्ये विरली. मग किंगफिशरचेच पगार थकले आणि २०१२ मध्ये ती बंद पडली. २००९ मध्ये युनियनवरून सामूहिक 'सिक लीव्ह' टाकणाऱ्या वैमानिकांची जेट एअरवेजही एप्रिल २०१९ मध्ये थांबली. 'उडान'मधून २०१७ मध्ये नांदेड-हैदराबाद सुरू करणारी ट्रूजेटसुद्धा २०२२ मध्ये गेली.

जुलै २०२५ पासून वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली, नोव्हेंबरात रात्रीच्या ड्युटीचे नियम कडक झाले. डिसेंबरात इंडिगोला वैमानिक पुरेनात, हजारो फ्लाइट्स रद्द! झोपेची किंमत तेव्हा सगळ्यांना कळली.

पगार मागून वाढतो, झोप मात्र नियमात लिहिलेली असेल तरच मिळते. माझ्या ऑफर लेटरमध्ये ऑन-कॉलनंतरच्या सुट्टीबद्दल एक ओळ नाही. सोमवारी आधी तेच विचारणार. बाकी नंतर बघू.